कोपऱ्यातल्या गड्याचे मोल



शाळेचा कबड्डीचा संघ निवडायचा झाला म्हणजे आपण काय करतो, ते जरा आठवून पाहा. मैदानात पंचवीस-तीस मुले उभी असतात. आपण विचारतो, "चढाईला कोण जाणार?" दहा हात वर होतात. त्यांतला उंच, चपळ, आवाजाने दणकट असा मुलगा पहिला निवडला जातो. मग त्याच्यासारखाच दुसरा. मग तिसरा. आणि उरलेल्यांत जो गप्प उभा आहे, ज्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही, त्याला आपण सांगतो, "तू रे, तू कोपऱ्यात उभा राहा." झाला संघ तयार!

आता माझे म्हणणे असे की, सामना पुष्कळदा ह्या शेवटच्या वाक्यातच हरलेला असतो. गडी चांगला की वाईट एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या जागेवरचा आहे, त्या जागेचे खेळात किती वजन आहे, आणि त्या जागेसाठी त्याच्या खालोखालचा दुसरा गडी आपल्याजवळ कोण आहे, हेही पाहावे लागते. हा हिशेब लाखो रुपये घेऊन लिलावात बसणाऱ्या मंडळींनाही नेहमी जमतो असे नाही. तेव्हा आपण त्याचा थोडा विचार केला तर काही बिघडत नाही.

प्रथम लिलावाचे पाहू. प्रो कबड्डी लीग नावाची स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तीत प्रत्येक संघाला खर्चासाठी ठरावीक रक्कम असते आणि तेवढ्यातच सारे गडी घ्यावे लागतात. ह्या स्पर्धेत २०१८ च्या लिलावात प्रथमच काही गड्यांची बोली एक कोटी रुपयांवर पोचली. असे गडी सहा. हरयाणाच्या संघाने मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख दिले. राहुल चौधरीला १ कोटी २९ लाख, नितीन तोमर आणि दीपक हुडा ह्या दोघांना प्रत्येकी १ कोटी १५ लाख, आणि आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख मिळाले. हे पाचही जण मुख्यतः चढाईचे. सहावा होता फजल अत्राचली, इराणचा. तो डावा कोपरारक्षक. त्याला मुंबईच्या संघाने बरोबर एक कोटीला घेतले. म्हणजे सहांत पाच चढाईचे आणि कोपऱ्यातला एक. तोही परदेशचा!

चढाई करणाऱ्याला एवढा भाव का, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यात नुसता भपका नाही. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. एका चढाईला फार तर तीस सेकंद. प्रत्येक चढाई पुरी तीस सेकंद चालली असे धरले, तर सामन्यात ऐंशी चढाया होतात, चाळीस आपल्या आणि चाळीस समोरच्यांच्या. आपल्या चाळिसांपैकी अठरा-वीस चढायांना एकच पट्टीचा गडी जाऊ शकतो. खेळ इतक्या वेळा एका माणसाच्या हाती येतो, असे दुसऱ्या कोणत्याही जागेचे नाही. पकड करणाऱ्याने वाट पाहायची असते. समोरचा गडी त्याच्या बाजूला आलाच नाही, तर तो करणार काय? शिवाय चढाई सगळ्यांना दिसते. पंच बोट वर करतात, लोक टाळ्या वाजवतात, गुणपत्रकावर आकडा चढतो. पाटण्याच्या संघाने लागोपाठ तीन वेळा ही स्पर्धा जिंकली, त्यांतल्या २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवाल ह्या एकट्याने चढायांत ३६९ गुण मिळवले होते. असा गडी असल्यावर कोण पैसा ओतणार नाही?

पण हिशेब इथे संपत नाही. उलट खरी गंमत इथूनच आहे.

आपल्याकडचे जुने लोक कबड्डीचे, हुतुतूचे तीन प्रकार सांगत. अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. गामिनीत एकदा बाहेर गेला की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि संजीवनीत, आपल्या संघाने समोरचा एक गडी मारला की आपला एक गडी उठून आत येणार. आज जो खेळ सर्वत्र चालतो तो ह्या संजीवनीच्या वाटेचा. ही उठवाउठवी ध्यानात घेतली की जागांच्या किमती बदलू लागतात.

कसे ते पाहा. तुमचा सर्वांत चांगला चढाईचा गडी पकडला गेला. तो आता रेषेबाहेर बसला. बाहेर बसलेल्या गड्याची किंमत त्या वेळी किती? शून्य! त्याला पुन्हा आत आणायचे तर कोणीतरी गुण मिळवला पाहिजे. बोनसच्या गुणाने गडी उठत नाही, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्या चढाईपटूने एखादा गडी टिपला, तर तो उठेल. नाहीतर समोरचा गडी आपल्या अंगणात येईल तेव्हा त्याला धरले, तर उठेल. म्हणजे तुमच्या हिऱ्यासारख्या चढाईपटूने वीस चढाया करायच्या की आठ, हे पुष्कळ अंशी त्याच्या मागे उभ्या असलेल्या पकडीच्या गड्यांवर ठरते. कोपरा कच्चा असेल, तर हिरा बाकावर बसून राहतो.

दुसरी गोष्ट. आपला गडी चढाईत ज्याला स्पर्श करील तो समोरच्या सातांतला कोणीही असू शकतो, बहुधा कच्चाच असतो. पण पकडीत जो बाद होतो तो चढाईला आलेलाच असतो, आणि चढाईला समोरचे लोक आपला उत्तम गडी पाठवतात. म्हणजे एका पकडीने गुण एकच मिळाला तरी समोरच्याची तोफ थंड होते. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. आणि सगळे बाद होऊन लोण चढला, तर समोरच्याला दोन गुण जास्तीचे. ते लोण टाळणारा माणूस कोण, तर बहुधा शेवटपर्यंत उभा राहिलेला एखादा कोपऱ्यातला गडी.

आता कोपराच का? मध्यरक्षक नाहीत का? आहेत, आणि त्यांच्यावाचून पकड पुरी होत नाही. पण अंगण डोळ्यांपुढे आणा. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. तो घ्यायला आलेला गडी एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि दुसरा उचलतो. त्या क्षणी तो एका पायावर असतो, आणि तो पाय बहुतेक वेळा कोपऱ्याच्या जवळ असतो. कोपरारक्षकाने घोटा धरायचा तो ह्याच क्षणी. अर्धा सेकंद आधी झेपावला तर स्वतःच बाद, अर्धा सेकंद उशीर झाला तर बोनस गेला. धरल्यावर एकट्याने फार तर दोन क्षण रोखून धरायचे, तोवर शेजारचा मध्यरक्षक येऊन अंगावर पडतो आणि साखळी पुरी होते. सुरुवात कोपऱ्याची, शेवट मध्याचा.

आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाईतदारांना हे एका वाक्यात समजेल. मांडव उभा करताना मधले खांब कमीजास्त जाडीचे असले तरी निभावते. पण कडेच्या आणि कोपऱ्याच्या खांबावर साऱ्या तारांचा ताण येतो, म्हणून तिथे कोणी कुचका खांब लावत नाही. तो खांब द्राक्षाचा घड धरत नाही, म्हणून त्याला पाणी-खत कोणी दाखवत नाही हे खरे. पण तो कलला की घडांसकट सगळे जमिनीवर येते.

आता २०१८ च्या लिलावाचा पुढचा भाग सांगतो. लिलाव झाला मे महिन्याच्या अखेरीस. त्यानंतर ऑगस्टमध्ये जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा होत्या. १९९० साली बीजिंगला कबड्डीचा प्रथम समावेश झाला, तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक दर वेळी भारतानेच आणले होते, एकूण सात वेळा. जाकार्त्याला गेलेल्या संघात कोटीच्या वर गेलेल्या पाच गड्यांपैकी चौघे होते. मोनू गोयत, राहुल चौधरी, दीपक हुडा आणि रिशांक देवाडिगा. शिवाय प्रदीप नरवाल आणि अजय ठाकूर होतेच. आणि सहावा कोटीचा गडी, तो डाव्या कोपऱ्याचा फजल? तो समोर इराणच्या संघात उभा होता.

उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७ विरुद्ध १८ असे हरवले. चाळीस मिनिटांत अठरा गुण! ज्या संघात चढाईचे एवढे मोहरे, त्याचे हे गुण. इराणच्या मुलांनी आपल्या चढाईपटूंना एकामागून एक धरले आणि बाहेर बसवले. पुढे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदकही त्यांनीच नेले. आपल्या बाजूला पकडीचे चांगले गडी नव्हते असे मी म्हणत नाही, महाराष्ट्राचा गिरीश इरनाक त्या संघात होता. एका सामन्यावरून सगळा सिद्धांत मांडू नये हेही मला मान्य. पण ज्या गोष्टीला बाजारात सहांत एक भाव मिळाला, त्या गोष्टीने मैदानात काय केले, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

फजलचे आणखी एक सांगून टाकतो. २०१५ साली मुंबईच्या संघाने लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. २०१६ मध्ये पाटण्याबरोबर जिंकला. आणि २०२५ साली दिल्लीने जिंकली तेव्हाही तो दिल्लीकडून खेळत होता. दहा वर्षे! चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर रोज मार बसतो. त्यामानाने कोपऱ्यातला शहाणा गडी वयाबरोबर अधिक शहाणा होत जातो. शेतकऱ्याच्या मुलाने हेही मनात धरण्यासारखे आहे.

बाजाराला ही गोष्ट हळूहळू उमगली. २०२३ च्या लिलावात दर संघाला पाच कोटी रुपये खर्चता येत होते. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत ह्या चढाईपटूला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर. त्याच लिलावात पुण्याच्या पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलू ह्या इराणी गड्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. तोही जवळजवळ निम्मी रक्कम. पण हा गडी मुळात डाव्या कोपऱ्याचा, लागली तर चढाईही करणारा.

दोघांनी सारखाच जुगार खेळला असे वरवर दिसेल. पण फरक होता. पुण्याजवळ चढाईला घरची तयार पोरे होती. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता, पंकज मोहिते होता, मोहित गोयत होता, आणि आपला नाशिकचा आकाश शिंदे होता. ही मुले नवोदित म्हणून आधीच संघात आलेली, त्यांच्यावर कोटी मोजावे लागले नव्हते. तेव्हा पुण्याला आणखी एक मोठा चढाईपटू घेऊन वाढ किती झाली असती? थोडी. डाव्या कोपऱ्याला जगातला उत्तम गडी आणून वाढ किती झाली? पुष्कळ. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, स्पर्धेत सर्वांत जास्त. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरयाणाला २८-२५ असे हरवून प्रथमच करंडक जिंकला. आणि तेलुगूचा संघ? बावीस सामन्यांत दोन विजय, बारा संघांत बारावा. पवन हा थोर गडी, त्याने चढायांत गुण मिळवलेच. पण त्याला उठवणारे पुरेसे नव्हते. पुढच्या वर्षी शादलू हरयाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना, आणि २०२४ चा करंडक हरयाणाने जिंकला.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, मग चढाईवाल्याला काही किंमतच नाही काय?" तसे नाही हो. ह्याच पवनने ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या ३८ गुणांपैकी २२ एकट्याने आणले होते आणि करंडक जिंकून दिला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली प्रथम खेळला आणि दुसऱ्याच वर्षी लिलावात सर्वांत महाग, १ कोटी ४५ लाखांचा, ठरला. तो आपल्या गुणांवरच. चढाईची जागा सर्वांत वजनदार आहे, ह्यात शंका नाही. प्रश्न एवढाच की पहिला चढाईपटू घेतल्यावर दुसरा, तिसरा, चौथाही चढाईपटूच घ्यायचा का. माझे उत्तर, नाही. पहिल्याला मोल द्या. दुसरा हवाच, कारण पहिला बाहेर बसला तर त्याला उठवायला कोणीतरी पाहिजे. पण तिसऱ्याच्या आधी दोन्ही कोपरे भरा.

हा विचार काही आपल्याच मातीतला नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच! त्यात एका बाजूला अकरा गडी आणि प्रत्येकाची जागा अगदी वेगळी. तिथे १९३६ पासून अशी रीत आहे की, महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या गड्यांना संघ पाळीपाळीने निवडतात, आणि मागल्या हंगामात तळाला राहिलेल्याचा पहिला नंबर. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादाही आहे. जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू ज्याच्या हाती प्रथम येतो तो क्वार्टरबॅक सर्वांत महाग, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच्या मागोमाग ज्यांचे भाव चढले, त्यांत एक जागा अशी की तो गडी चेंडूला हातसुद्धा लावत नाही. तो डाव्या बाजूला उभा राहून येणाऱ्यांना अडवतो, बस्स. कारण उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकताना आपली डावी मागची बाजू दिसत नाही. त्या आंधळ्या बाजूने कोणी येऊन धडकले, तर संघातला सर्वांत महागडा माणूस हंगामभर बिछान्यावर. उलट चेंडू घेऊन पळणारा गडी, ज्याच्या नावाने पूर्वी लोक वेडे होत, त्याचा भाव पुढे घसरला. तो वाईट खेळतो म्हणून नव्हे. त्याच्या जवळपास पळणारा दुसरा स्वस्तात मिळतो म्हणून, आणि मार खाऊन तो लवकर थकतो म्हणून.

तिथे आणखी एक बारकावा आहे. २०११ पासून नव्या मुलाचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला ह्यावर जवळजवळ ठरूनच जातो, जागेवर नाही. मग शहाणा संघ काय करतो? बाजारात जी जागा महाग, तिचा गडी नव्या मुलांतून घेतो आणि घडवतो. जी जागा बाजारात स्वस्त, तिचा गडी बाजारातूनच आणतो. पुण्याच्या पलटणीने नवोदित चढाईपटूंच्या बाबतीत केले ते ह्याच जातीचे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला ना लिलाव, ना कोटी. आम्हाला काय त्याचे? सांगतो. तुमच्याजवळही एक ठरावीक रक्कम आहे. तुमच्याजवळ बारा जागा आहेत, सात मैदानात आणि पाच राखीव. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या शाळेला एसटीचे भाडे बाराच मुलांचे मिळते. तुमच्याजवळ पावसाळ्यातले थोडे कोरडे दिवस आणि संध्याकाळचा पाऊण तास आहे. हीच तुमची थैली. ती तीन चढाईपटूंवर उधळायची की कसे, हा प्रश्न तोच आहे.

आणि इथे माझ्या दृष्टीने गोष्ट गुणपत्रकापलीकडे जाते. अशोकस्तंभापासून निघून आनंदवली, सोमेश्वरावरून धरणाकडे जाणारा गंगापूर रोड तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचा आहे. मराठा विद्या प्रसारक समाज, १९१४ सालची संस्था, तिचे के. टी. एच. एम. महाविद्यालय ह्याच रस्त्यावर. तालुक्यातून शिकायला आलेली मुले ह्या रस्त्याने जातात-येतात. खेळात पुढे गेलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस आपले संघ ठेवतात. कोरडवाहू दोन एकरांवर घर चालवणाऱ्याच्या मुलाला ही केवढी मोठी वाट आहे! मात्र निवड चाचणीला गेलेला प्रत्येक मुलगा स्वतःला चढाईपटू म्हणवतो. पन्नास मुलांत चाळीस चढाईचे. त्या गर्दीत तुमचा मुलगा सातवा-आठवा असेल तर परत घरी. तोच मुलगा दोन वर्षे डाव्या कोपऱ्यात घडवलेला असता, तर त्या जागेला उभे राहणारे पाचच होते. ज्याला आपण "कोपऱ्यात उभा राहा" असे हिणवून सांगितले, त्याच्यापुढची वाट खरे म्हणजे अधिक मोकळी होती. ती त्याला कोणी दाखवली नाही, एवढेच.

मुलींच्या बाबतीत हे आणखी बारकाईने पाहावे लागते. त्यांचे मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, आणि डाव पंधरा मिनिटांचे. सामनाच तीस मिनिटांचा म्हणून चढाया कमी, आणि रुंदी कमी म्हणून कोपरा आणि मध्य एकमेकांच्या जवळ. तिथे एकेकट्या धाडसी पकडीपेक्षा हातात हात घालून उभी राहिलेली जोडी अधिक उपयोगी पडते. मुलांचा संघ जसा निवडला तसाच मुलींचा निवडला, असे करू नका.

मग निवडायचे कसे? एक साधी वही करा. सरावाच्या सामन्यात आपण चढाईचे गुण लिहितो. त्याच्या शेजारी पकडीच्या गड्यासाठी तीन रकाने पाडा. किती पकडी साधल्या, किती फसल्या, आणि किती चढाया त्याच्या बाजूला आल्याच नाहीत. हा तिसरा रकाना कोणीही लिहीत नाही, आणि तोच फार बोलका आहे. समोरची मुले ज्याच्या बाजूला जायला कचरतात, तो गडी गुण न मिळवताही अंगण राखतो आहे.

आठवडाभराने वही उघडा. समजा, तुमचा पहिला चढाईपटू वीस चढायांत नऊ गुण आणतो आणि दुसरा सात. फरक दोनाचा. आता कोपऱ्याचे पाहा. पहिल्याने वीस चढायांत सहा पकडी साधल्या, दोन फसल्या. म्हणजे चार हाती उरल्या. दुसऱ्याने दोन साधल्या आणि पाच फसल्या. म्हणजे तीन घरच्याच गेल्या. फरक सातांचा! आता सांगा, आजारी पडून कोणता मुलगा घरी राहिला तर तुमचा संघ अधिक दुबळा होईल? ज्याच्या जाण्याने अधिक भगदाड पडते, तो आधी निवडायचा, मग त्याचे नाव वर्गात कोणाला ठाऊक असो वा नसो.

हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, तुमच्या शाळेत उलटेही निघतील. एखाद्या वर्षी कोपऱ्याला तीन सारखीच चांगली मुले असतील आणि चढाईला एकच. मग त्या वर्षी त्या एकट्याला फुलासारखे जपा आणि सरावात त्याला उगाच मार खाऊ देऊ नका. जागेचे मोल दगडावर कोरलेले नसते, ते दर वर्षीच्या मुलांबरोबर बदलते.

बारांची यादी करताना माझी पसंती अशी. डावे-उजवे कोपरे प्रत्येकी दोन, म्हणजे चार. त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक तीन, त्यांतला एक दोन्ही बाजूंना चालणारा. चढाईचे चार. आणि एक मुलगा असा की जो सगळेच बेताचे करतो पण दमत नाही. कोपऱ्यात उंच मुलगा घालण्याचा मोह टाळा. घोटा जमिनीजवळ असतो, तिथे बुटका, रुंद खांद्यांचा, पायांत बळ असलेला मुलगा अधिक शोभतो. डावखुरा असेल तर त्याला दोन्ही कोपऱ्यांत उभा करून पाहा, कुठे हात मोकळा चालतो ते तोच सांगेल. आणि धीर पाहा. हूल दिली की जो लगेच झेपावतो तो कोपऱ्याचा नव्हे. जो तीस सेकंदांतले पंचवीस नुसता पाहत उभा राहतो, तो कोपऱ्याचा.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. निवड चाचणीला मुले नेताना कोपऱ्यातला मुलगा एकटा पाठवू नका. चढाईपटू कोणत्याही अनोळखी संघात आपला गुण दाखवू शकतो. पण कोपऱ्याच्या मुलाने घोटा धरला आणि शेजारी अनोळखी मध्यरक्षक धावलाच नाही, तर गडी सुटतो आणि वहीत दोष कोपऱ्याच्या नावावर पडतो. म्हणून कोपरा आणि त्याचा मध्यरक्षक, ही जोडी बरोबर न्या, आणि पंचांना व निवडकर्त्यांना अगोदर नम्रपणे विनंती करा की ह्या दोघांना निदान पहिली दहा मिनिटे एका बाजूला खेळू द्यावे. बहुतेक जण ऐकतात.